घरच्या घरी तिखट चीज-स्टफ्ड बर्गर: चीज आतच राहायला हवं, बाहेर तव्यावर नाही

चीज भरलेला बर्गर पहिल्यांदा करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सगळं चीज तव्यावर वाहून गेलं, पॅटी बाहेरून करपली आणि आतून कच्ची राहिली, नाहीतर मग एवढ्या मिरच्या घातल्या तरी तिखट काही लागलंच नाही. या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही आधीच टाळता येतात, पण रेसिपीत नुसतं "चीज भरा, कडा बंद करा, भाजा" एवढंच लिहिलेलं असतं त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो. म्हणून मी हे जरा सविस्तर लिहितेय, कुठे काय करायचं आणि ते का करायचं हे दोन्ही.

या प्रकाराला अमेरिकेत ज्युसी लूसी म्हणतात. मिनियापोलिस शहरात १९५० च्या दशकात तो सुरू झाला आणि तिथली दोन ठिकाणं आजही पहिला मान आपलाच म्हणून सांगतात. मूळ प्रकार अगदी साधा आहे, दोन पातळ पॅटींच्या मध्ये चीज आणि कडा दाबून बंद. तिखट करणं हा पुढचा भाग, आणि खरं तर जास्त विचार तिथेच करावा लागतो.

काय काय लागेल (४ बर्गरसाठी)

पॅटीसाठी:
- खिमा ६०० ग्रॅम (मटण किंवा चिकन, याबद्दल खाली लिहिलंय)
- लसूण ५-६ पाकळ्या, अगदी बारीक चिरून
- हिरव्या मिरच्या ३-४, बारीक चिरून
- चिली फ्लेक्स २ चमचे
- जाडसर कुटलेली मिरी १ चमचा
- लाल तिखट अर्धा चमचा
- मीठ साधारण १ सपाट चमचा, चीज खारट असेल तर थोडं कमीच
- चिकनचा खिमा असेल तर ब्रेडक्रम्ब्स ४ मोठे चमचे आणि मऊ बटर १ मोठा चमचा

आत भरायला:
- मोझरेला ८० ग्रॅम
- प्रोसेस्ड चीज ४० ग्रॅम
- व्हिनेगरमधले हालापेनो (पिझ्झावर घालतात त्या जाड मेक्सिकन मिरच्या) २ मोठे चमचे, चिरून आणि घट्ट पिळून

बाकी बर्गरचे बन ४, थोडं बटर, लेट्यूस, एक कांदा, व्हिनेगर, मेयोनीज आणि तुमच्या आवडीचा पातळ, आंबटसर हॉट सॉस.

सामानात जाड बुडाचा तवा किंवा पॅन (बिडाचा असेल तर उत्तमच), त्याला बसेल असं झाकण, पातळ पण रुंद कालथा, बटर पेपर, किचन पेपर, वजनकाटा आणि जमलं तर आत खुपसायचा फूड थर्मामीटर. वजनकाटा नसला तरी अंदाजाने भागेल, थर्मामीटर मात्र घ्याच असं मी सांगेन. का ते भाजायच्या पायरीत येईलच.

१. खिमा आणताना

बर्गरच्या खिम्यात चरबी हवी, साधारण २० टक्के. अगदी कोरडा, बिनचरबीचा खिमा घेतला तर पॅटी भाजल्यावर घट्ट होते आणि आक्रसताना कडांना तडे जातात, आणि तडा गेला की चीज तिथूनच बाहेर येतं. म्हणून मटणाचा खिमा घेताना थोडी चरबी घालूनच काढून द्या असं स्पष्ट सांगायचं, आणि मशीनमधून दोनदा काढून घ्यायचा. खिमा बारीक असला की कडा नीट चिकटतात, जाड दाण्याचा असेल तर सांध्यावर भेग राहतेच.

चिकनचा असेल तर नुसत्या ब्रेस्टचा नको, मांडीच्या मांसाचा घ्या. तरीही तो मऊ, ओलसर आणि चिकट असतो म्हणून त्यात ब्रेडक्रम्ब्स आणि थोडं बटर लागतं.

खिमा धुवू नका. ही सवय खूप जणांना असते. मांसाचा तुकडा धुतला तर पाणी वरून निथळून जातं, खिमा धुतला की ते दाण्यादाण्यांत अडकून बसतं आणि कितीही पिळलं तरी पूर्ण निघत नाही. मग तव्यावर पाणी सुटतं, पॅटी भाजायच्या ऐवजी उकडल्यासारखी होते आणि वाफेने सांधा उघडतो. अगदी धुवायचंच असेल तर खिमा करायच्या आधी मांस धुवून, नीट कोरडं करून मग मशीनमधून काढून घ्या.

आणि खिमा घरी आला की लगेच फ्रीजमध्ये. बाहेर पडून राहू द्यायचा नाही, आणि फ्रीजमध्ये ठेवला तरी एक-दोन दिवसांत वापरून टाकायचा. फ्रोझन असेल तर आदल्या रात्रीच खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर ठेवून वितळवू नका.

२. चीज कुठलं

चीज म्हणजे चीज, कुठलंही चालेल असं वाटतं पण तसं नाही. वितळल्यावर प्रत्येक चीज वेगळं वागतं.

मोझरेला ताणलं जातं, तार येते, पण चवीला मवाळ. पाण्यातलं ताजं मोझरेला मात्र यासाठी घेऊ नका, त्यात पाणी फार असतं, कोरडं ब्लॉकमधलं घ्या. प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायर क्षार घातलेले असतात त्यामुळे ते गरम झालं तरी तेल वेगळं होत नाही, छान गुळगुळीत सॉससारखं वितळतं. जुनं, मुरलेलं चेडर चवीला फार सुंदर, पण एकटं भरलं तर आत तेल सुटून चोथा राहतो. म्हणून मी दोन भाग मोझरेला आणि एक भाग प्रोसेस्ड घेते, तार पण येते आणि वाहतं पण. चेडर आवडत असेल तर थोड्या मोझरेलाच्या जागी घाला, सगळं नको.

पनीर आत भरू नका, म्हणजे खायला वाईट लागेल असं नाही पण ते वितळतच नाही. आम्ल घालून फाडलेल्या दुधाचं असल्यामुळे कितीही गरम केलं तरी तसंच राहतं, आणि या बर्गरची सगळी गंमत वितळण्यात आहे.

आता चीज किसून घ्या, त्यात पिळलेले हालापेनो मिसळा आणि चार भाग करून प्रत्येकाची तळहातात दाबून चपटी चकती करा, साधारण ६ सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटरपेक्षा कमी जाड. गोळा करू नका, गोळ्यामुळे पॅटी मधे फुगीर होते, वरचा थर ताणून पातळ होतो आणि फुटतो. या चकत्या १५-२० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गार, कडक चीज असलं की बाहेरचं मांस शिजायला वेळ मिळतो, तोवर ते आत वितळत राहतं. नॉर्मल तापमानाचं मऊ चीज भरलं तर पॅटीचा बाहेरचा थर सेट व्हायच्या आधीच ते पातळ होतं आणि वाट शोधतं.

हालापेनो पिळायचे म्हणजे खरंच पिळायचे, किचन पेपरमध्ये घेऊन मुठीत दाबून. त्यातलं पाणी म्हणजे आत कोंडलेली वाफ, दुसरं काही नाही.

३. तिखट कुठे घालायचं

बहुतेक जण इथेच फसतात. तिखट लागलं नाही की मिरच्या वाढवतात, पुढच्या वेळी अजून वाढवतात, तरी चीजवाला घास आला की सगळं मवाळ.

मिरचीतला तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो. हे कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही पण स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून जिभेवरून बाजूला काढतं. तिखट लागल्यावर पाण्याने काही होत नाही आणि दुधाने बरं वाटतं ते याच्यामुळेच. आता बर्गरमध्ये बघा, चीज आहे, मेयोनीज आहे, बटर आहे, खिम्यातली चरबी आहे, म्हणजे तिखट कमी करणाऱ्या सगळ्या गोष्टी तुम्ही एकाच घासात कोंबलेल्या असतात. मग चीजमध्ये चार मिरच्या मिसळल्या काय आणि सहा मिसळल्या काय, चीज त्या खाऊन टाकणार.

त्यामुळे तिखट एकाच जागी ओतायचं नाही, तीन ठिकाणी वाटायचं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या प्रकारचं.

खिम्यात चिली फ्लेक्स, मिरी आणि हिरवी मिरची. मिरीचा तिखटपणा पिपरिनचा असतो, तो मिरचीपेक्षा वेगळा लागतो, घशाशी उब राहते. चीजमध्ये हालापेनो, आणि तोही तिखटासाठी कमी आणि आंबटपणासाठी जास्त, कारण वितळलेल्या चीजचा जडपणा आंबटानेच तुटतो. आणि खरं झणझणीत तिखट बाहेर, पातळ हॉट सॉसच्या रूपात, वाढायच्या अगदी आधी थेट पॅटीवर. मेयोनीजमध्ये मिसळून नाही. घास तोंडात गेल्या गेल्या सॉस आधी लागतो, चीज मागून येतं आणि ते तिखट शांत करतं, मग पुढचा घास घ्यावासा वाटतो. हा क्रम जमला की बर्गर तिखट पण लागतो आणि खाववतो पण.

मिरची किती हे तुमच्यावर आहे, पण चिरताना एक बघा. सगळ्यात जास्त तिखट बियांमध्ये नसतं, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या पडद्यात असतं. लहान मुलं खाणार असतील तर तो पडदा खरवडून काढा, मिरचीचा वास आणि चव राहते, झोंबणं बरंच कमी होतं. चिरताना हातमोजे घाला, नसतील तर चिरून झाल्यावर आधी हाताला थोडं तेल चोळा आणि मग साबणाने धुवा. तेलात ते सुटतं, नुसत्या पाण्याने नाही. आणि तोवर डोळ्याला हात लावायचा नाही.

लाल तिखटाचं प्रमाण मी मुद्दाम कमी दिलंय, कारण बारीक पूड तव्यावर लगेच करपते आणि कडवट होते. पॅटीच्या बाहेरून तर ती अजिबात लावू नका.

४. खिमा मिसळणं

खिमा फ्रीजमधून थेट काढून गार असतानाच मिसळायचा. लसूण, मिरच्या, फ्लेक्स, मिरी, तिखट घाला आणि बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र करा. कणकेसारखा मळू नका. जास्त मळला की प्रथिनं एकमेकांना धरतात आणि पॅटी रबरासारखी चिवट होते.

मीठ सगळ्यात शेवटी, थापायला घ्यायच्या आधी. खिम्यात मीठ घालून तासभर ठेवला तर त्याचा पोत सॉसेजसारखा होतो, घट्ट आणि लवचिक. साध्या बर्गरमध्ये तर मीठ फक्त वरूनच लावतात, पण इथे कडा चिकटायला थोडा चिकटपणा हवाच असतो म्हणून मी आतही घालते, फक्त उशिरा.

कांदा खिम्यात नको. कच्चा चिरलेला कांदा पाणी सोडतो आणि जिथे कांद्याचा तुकडा आला तिथे पॅटीला भेग पडते. घालायचाच असेल तर किसून, पिळून घाला, पण त्यापेक्षा बनमध्ये वरून छान लागतो. आलं-लसूण पेस्ट भरपूर घालायची सवय असते तीही इथे आवरा. पेस्टमधलं पाणी एक, आणि दुसरं म्हणजे कच्च्या आल्यात मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, मिश्रण थोडा वेळ ठेवलं तर पिठूळ व्हायला लागतं. नुसता चिरलेला लसूण पुरेसा आहे.

५. थापणं, भरणं आणि कडा बंद करणं

खिम्याचे आठ सारखे भाग करा, प्रत्येकी साधारण ७५ ग्रॅम. बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या डब्याने दाबा, पातळ चकती करा, साधारण १२ सेंटिमीटर. बनपेक्षा दोन-एक सेंटिमीटर मोठी दिसली पाहिजे कारण भाजताना ती आक्रसते.

एका चकतीच्या बरोबर मधे गार चीज ठेवा, सगळ्या बाजूंनी कमीतकमी अडीच-तीन सेंटिमीटर कड मोकळी राहायला हवी. किसाचा एक कण जरी कडेवर पडला असेल तरी बोटाने उचलून घ्या, कारण दोन थरांच्या मधे चीजचा कण राहिला की तिथे मांस मांसाला चिकटत नाही आणि बरोबर तिथूनच पाझरतं. मग दुसरी चकती वर ठेवा आणि आधी मधून बाहेरच्या दिशेने हलकं दाबत हवा काढा. ही हवा राहिली तर गरम होऊन फुगते. त्यानंतर कडेने गोल फिरत अंगठा आणि तर्जनीने चिमटे काढत बंद करा. एक फेरी झाली की थांबू नका, वरच्या चकतीची कड खाली ओढून खालच्या कडेवर चोळून घ्या, असं की सांधा दिसेनासा झाला पाहिजे. मग पॅटी उलटी करा आणि दुसऱ्या बाजूनेही तेच करा, कारण वरून सांधा गेलेला दिसतो आणि खाली तशीच रेघ राहिलेली असते. शेवटी दोन्ही तळहातांच्या मधे धरून कड गोल सारखी करा. पातळ कड राहू देऊ नका, कड मधल्या भागाइतकीच जाड हवी.

साध्या बर्गरला मधे अंगठ्याने खळगा पाडतात तो इथे पाडायचा नाही, तो थर आधीच पातळ आहे.

कच्च्या खिम्याला लागलेला पाट, सुरी, हात लगेच साबणाने धुवून टाका, त्याच पाटावर लेट्यूस चिरायला घेऊ नका. विशेषतः चिकन असेल तर.

६. परत गार करणं

भरलेल्या पॅटी बटर पेपरवर ठेवून कमीतकमी ३० मिनिटं फ्रीजमध्ये. पाहुणे आलेत, भूक लागलीये म्हणून ही पायरी गाळावीशी वाटते पण गाळू नका. या वेळात चरबी घट्ट होते, कडा बसतात आणि चीज परत कडक होतं. हाताच्या उबेने ते मऊ झालेलं असतंच.

तोवर बाकीची तयारी करून घ्या. कांद्याच्या पातळ चकत्या करून त्यावर व्हिनेगर, चिमूटभर साखर, चिमूटभर मीठ घालून २० मिनिटं ठेवा, गुलाबी आणि आंबट होतो. लेट्यूस धुवून पूर्ण कोरडं करा. बन मधून कापून कापलेल्या बाजूला बटर लावून तव्यावर खरपूस करून ठेवा, भाजलेल्या बाजूतून रस लवकर मुरत नाही आणि खाताना बन तुटत नाही.

७. भाजणं

तवा मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. मोठ्या आचेवर नाही. साधा बर्गर मोठ्या आचेवर भाजतात कारण तो पातळ असतो, हा जवळपास दोन सेंटिमीटर जाड आहे आणि मधे गार चीज आहे, मोठी आच लावली की बाहेरून काळा आणि चीजजवळचं मांस कच्चं. अगदी बारीक आचही नको, मग रंग येत नाही. मांसाला तो तपकिरी रंग आणि खरपूस वास यायला पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जावा लागतो, आणि ओल्या पॅटीचा पृष्ठभाग पाणी उडून जाईपर्यंत १०० च्या वर जातच नाही. म्हणून तव्यावर ठेवायच्या आधी पॅटी किचन पेपरने टिपून घ्यायची.

मिरचीचा ठसका लागतो त्यामुळे खिडकी उघडा, एक्झॉस्ट आधीच चालू करा.

तव्यावर एक चमचा तेल, आणि पॅटी ठेवा. एका वेळी दोनच, गर्दी केली की तवा गार पडतो. आता ५-६ मिनिटं हात लावू नका. हलवू नका, कालथ्याने दाबू तर नकाच नका! दाबलं की चर्र आवाज येतो आणि बरं वाटतं पण तो आतला रस जळत असतो, आणि इथे तर सोबत चीजही येईल. खालची बाजू नीट भाजली की पॅटी तव्यापासून आपोआप सुटते, चिकटून बसली असेल तर अजून झाली नाही असं समजा.

पलटायची एकदाच, रुंद कालथा पूर्ण खाली घालून. पलटल्यावर वरच्या बाजूला मधोमध टूथपिकने एक बारीक भोक पाडा. आत चीज आणि मांसातल्या पाण्याची वाफ होते, ती वरून निघून गेली तर कड फुटत नाही. भोकातून थोडं चीज वर डोकावलं तर काळजी करू नका. मग आच थोडी कमी करून झाकण ठेवा आणि ४-५ मिनिटं. झाकणामुळे वरूनही उष्णता मिळते आणि मधला भाग शिजतो.

आता झालं का हे कसं ओळखायचं? रंगावर विश्वास ठेवू नका. मांसाच्या अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, ते भाजताना मरतात, पण खिमा करताना तोच पृष्ठभाग सगळीकडे मिसळला जातो म्हणून खिमा आतपर्यंत पूर्ण शिजायला हवा. मटणाच्या खिम्यासाठी आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस आणि चिकनसाठी ७४ अंश. थर्मामीटर बाजूने, आडवा, मांसाच्या थरात खुपसा. वरून सरळ घातला तर टोक चीजमध्ये जातं आणि तुम्हाला चीजचं तापमान दिसतं, मांसाचं नाही. आणि एकाच ठिकाणी नाही, दोन-तीन ठिकाणी बघा.

कमी भरलं तर परत झाकण ठेवून बारीक आचेवर दोन मिनिटं, किंवा १८० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं. एअर फ्रायरमध्ये पण होतात, १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मधे एकदा पलटून, पण तव्यासारखा खरपूसपणा येत नाही असं माझं मत.

८. थांबा

तव्यावरून काढली की ४-५ मिनिटं ताटलीत तशीच राहू द्या. रस स्थिरावतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतलं वितळलेलं चीज त्या क्षणी भयंकर गरम असतं. पहिल्या घासाला ते सरळ जिभेवर, टाळूवर, हनुवटीवर येतं आणि चिकटून बसतं, नुसत्या गरम पाण्यापेक्षा वाईट भाजतं. मुलांना देताना अर्धा कापून, मोकळा करून, वाफ जाऊ देऊन मगच द्या.

९. रचायचं कसं

खालच्या बनवर मेयोनीज, त्यावर लेट्यूस, त्यावर आंबट कांदा पिळून, मग पॅटी, पॅटीवर हॉट सॉस आणि वरचा बन. लेट्यूस खाली ठेवायचं कारण पॅटीचा रस त्याच्यावर अडतो आणि बन ओला होत नाही. टोमॅटो हवा असेल तर पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टिपून मग घाला. वरून आणखी चीज स्लाइस ठेवू नका, आतलं चीज मग समजतच नाही आणि तिखटही पुन्हा मवाळ होतं.

व्हेज करायचा असेल तर

तत्त्व तेच, पण अडचण उलटी. भाजीच्या पॅटीत आक्रसणारं मांस नसतं, त्यामुळे कडा ओढल्या जात नाहीत, पण ती मुळातच ठिसूळ असते. दीड वाटी शिजवलेला राजमा, दोन मध्यम उकडलेले बटाटे, अर्धी वाटी ब्रेडक्रम्ब्स, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर आणि वरचाच मसाला. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण मऊ शिजवलेला हवा, अर्धा कच्चा राजमा पोटाला खरंच त्रास देतो. शिजल्यावर निथळून पॅनमध्ये दोन-तीन मिनिटं कोरडा परतून घ्या. बटाटे उकडून पूर्ण गार केलेले घ्या, कोमट बटाट्यात चीज भरलं की ते थापतानाच वितळायला लागतं.

भरून झालं की पॅटी कॉर्नफ्लोरच्या पातळ घोळात बुडवून ब्रेडक्रम्ब्समध्ये घोळवा, हे आवरणच इथे सांध्याचं काम करतं. मग फ्रीजमध्ये अर्धा तास, आणि थोड्या जास्त तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी सोनेरी. आतलं सगळं आधीच शिजलेलं असतं त्यामुळे फक्त चीज वितळेपर्यंतच भाजायचं.

चीज बाहेर आलंच तर

कुठून आलं ते बघा, त्यावरून कारण कळतं. कडेच्या एकाच जागेवरून आलं असेल तर तिथे सांधा नीट बसला नव्हता किंवा चीजचा कण अडकला होता. कडेने सगळीकडून आलं तर चीज जास्त झालं किंवा पुरेसं गार नव्हतं. वरचा थरच फाटला तर चीजची चकती जाड होती, नाहीतर खिमा कोरडा. तव्यावर भरपूर पाणी सुटलं तर खिमा धुतलेला होता किंवा कांदा-पेस्टचं पाणी. भाजताना गळती दिसली तर पॅटी उचलून बघत बसू नका, आच कमी करा आणि तशीच होऊ द्या, तव्यावर पडलेलं चीज कुरकुरीत होतं ते खरवडून बर्गरवर घाला, मस्त लागतं.

आधी करून ठेवायचं असेल तर

भरलेल्या कच्च्या पॅटी प्रत्येकीच्या मधे बटर पेपर घालून हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चवीला चांगल्या राहतात. वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढायच्या. गोठलेली पॅटी थेट तव्यावर टाकू नका, या बर्गरमध्ये मधलं चीज बर्फासारखं असतं आणि मांस शिजेपर्यंत बाहेरची बाजू जळून जाते. भाजलेल्या पॅटी उरल्या तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा, आणि परत गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा झाकण ठेवून बारीक आचेवर तव्यावरच करा. मायक्रोवेव्हमध्ये चीज आधी उकळतं आणि पॅटी फुटते. हॉट सॉस आणि कांदा गरम केल्यानंतरच घाला.